‘फ्रेशर’ खोडून टाक

पुणे

चि. मनू,

तुझा रेझ्युमे मिळाला. फोनवर बोलता आलं असतं, पण माझं म्हणणं लांबलचक आहे आणि ते तुला पुन्हा काढून बघता यायला हवं, म्हणून लिहायला बसले.

दोन पानं आहेत. डावीकडे निळी पट्टी, पट्टीत फोटो, फोटोखाली टॅलीपुढे पाचपैकी चार चांदण्या आणि एक्सेलपुढे तीन. मग नामांकित संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याचं उद्दिष्ट. मग बी.कॉम., बारावी आणि दहावीचे टक्के. अनुभवाच्या मथळ्याखाली एकच शब्द आहे, फ्रेशर. शेवटी वडिलांचं नाव म्हणून दादाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, अविवाहित, घराचा पत्ता, आणि वरील माहिती सत्य असल्याचं प्रतिज्ञापत्र.

मनू, त्या प्रतिज्ञापत्रावर तू सही करू नयेस असं मला वाटतं, कारण वरची माहिती सत्य नाही. तू काही खोटं घातलेलं नाहीस, तू खरं ते वगळलं आहेस. २०२२ च्या दिवाळीनंतर दादाची बायपास झाली, तेव्हापासून सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या आपल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्याचा हिशेब कोण बघतंय? दादा दोन महिने अंथरुणावर होता, तेव्हा विक्रीची बिलं कोण बनवत होतं? परराज्यात माल जाताना ५० हजारांवरच्या गाडीला ई-वे बिल लागतं, ते रात्री साडेनऊला ट्रान्सपोर्टवाला दारात उभा असताना कोण काढून देत होतं? जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि ३बी साठी २० तारीख, जीएसटी विवरणपत्रांच्या या दोन तारखा तुझ्या डोक्यात अशा बसल्यात की माझ्याकडे राहायला आलीस तरी लॅपटॉप उघडून बसतेस. सूतवाल्याने त्याचं विवरणपत्र वेळेत भरलं नाही तर आपलं बिल जीएसटीआर-२बी मध्ये दिसत नाही आणि आपला टॅक्स अडकतो, हे मला तू समजावून सांगितलंस. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, हजाराच्या वरच्या, अडीच हजारांपर्यंतच्या जॅकार्ड बेडशीट १२ टक्क्यांवरून ५ वर आल्या, तेव्हा २२ तारखेच्या सकाळी पहिलं बिल फाटायच्या आत टॅलीतले सगळे आयटम बदललेले होते. ते तूच बदललेस.

आणि मार्च २०२४ मधली ती पत्रं. लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही, हा आयकराचा तेव्हा नवा असलेला ४३बी (एच) चा नियम. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. तू दादाचं उद्यम प्रमाणपत्र जोडून थकबाकीदार व्यापाऱ्यांना नम्र भाषेत पत्रं पाठवलीस आणि कित्येक महिने रुतलेली रक्कम ३१ मार्चच्या आत मोकळी झाली. दादाने ते मला किती कौतुकाने सांगितलं होतं! या सगळ्याचा तुझ्या कागदावर मागमूससुद्धा नाही.

तुला विचारलं तर तू म्हणशील, आत्या, ते काय काम आहे, ते घरचंच. मला ठाऊक आहे हे उत्तर कुठून येतं. आपल्या घरात ते माझ्या लहानपणापासून आहे. माझी आई, म्हणजे तुझी आजी, दुपारची भांडी झाली की मागाच्या शेडमध्ये जाऊन बसायची. टॉवेल मोजायचे, डाग पडलेले वेगळे काढायचे, कडा शिवायच्या, डझनाचे गठ्ठे बांधायचे. मी शाळेतून आले की कांड्या भरायला बसे. जनगणनेचा माणूस दारात आला आणि त्याने विचारलं की या काय करतात, तर बाबा सरळ सांगायचे, काही नाही, घरीच असतात. त्यात दुष्टावा नव्हता. पगार मिळत नाही म्हणजे काम नाही, असाच सगळ्यांचा हिशेब होता, आईचासुद्धा.

तुला एक गोष्ट सांगते. केंद्र सरकार जे श्रमबल सर्वेक्षण करतं, ज्याला पीएलएफएस म्हणतात, त्यात तुझ्यासारख्यांसाठी वेगळा रकाना आहे, ‘घरगुती उद्योगातील मदतनीस’. पगार न घेता घरच्या धंद्यात राबणारी माणसं त्यात मोजली जातात आणि ती काम करणारी माणसं म्हणूनच मोजली जातात. २०२२-२३ च्या सर्वेक्षणात देशातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त या एका रकान्यात होत्या. म्हणजे सरकारच्या लेखी तू गेली तीन वर्षं कामावर आहेस. तुझ्या स्वतःच्या लेखी मात्र तू अजून कामाला हात लावलेला नाहीस. इतकी वर्षं नोकरभरतीच्या धंद्यात राहून, भोसरीच्या आणि चाकणच्या कारखान्यांसाठी माणसं निवडताना, मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा झाला. सोलापूर, लातूर, बार्शी, उदगीरहून आलेल्या मुलामुलींच्या कागदावर कॉलेजच्या वर्कशॉपमधली भाषा असते, आणि ज्या हातांनी त्यांनी शेतीचा, दुकानाचा, मागाचा कारभार ओढला ते हात कागदावर दिसतच नाहीत.

तेव्हा ‘फ्रेशर’ खोड. त्या जागी काय लिहायचं ते आता सांगते.

आधी इंग्रजी बाजूला ठेव. रेझ्युमे शेवटी इंग्रजीतच जाणार, पण त्याचा पहिला खर्डा मराठीत लिही, वहीत, पेनाने. मला फोनवर सांगतेस तसं लिही. तू इंग्रजीत विचार करायला लागलीस की ‘डायनॅमिक’, ‘टीम प्लेयर’, ‘हार्डवर्किंग’ असे कुठल्याही माणसाला चिकटवता येतील असे शब्द हाताशी येतात. मराठीत तू स्वतःबद्दल ‘मी गतिमान आहे’ असं कधी म्हणशील का? तू म्हणशील, सोमवारी बँकेचं स्टेटमेंट काढते आणि टॅलीशी टिक करते. तेच लिहायचं. खाली मी नमुना देते, जिथे रिकामी जागा सोडली आहे तिथे आकडा तू टॅली उघडून मोजून घाल, अंदाजाने घालू नकोस.

‘टेरी टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कुटुंबाच्या यंत्रमाग कारखान्यात नोव्हेंबर २०२२ पासून हिशेब सांभाळते. विक्री, खरेदी, बँक आणि रोख या सर्व नोंदी टॅली प्राइममध्ये करते, महिन्याला सरासरी … बिलं. जीएसटीआर-१ आणि ३बी साठीची माहिती तयार करते, सीए ती तपासून विवरणपत्रं भरतात. सूतखरेदीची बिलं दरमहा २बी शी ताडून पाहते आणि न दिसणाऱ्या बिलांचा पुरवठादारांकडे पाठपुरावा करते. … कामगारांचा आठवड्याचा पगार, उचल वजा करून, काढते. येणी किती दिवसांची आहेत याची यादी दर पंधरवड्याला काढते, … दिवसांपेक्षा जुनी थकबाकी मार्च २०२४ पर्यंत … टक्क्यांनी कमी झाली.’

यात एकही विशेषण नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की ही मुलगी टापटीप आहे, तारखा पाळते, पैसे मागायला कचरत नाही.

क्रियापदं कशी निवडली आहेत ते बघ, कारण इथेच माणसं घसरतात. विवरणपत्र ‘भरते’ असं मी लिहिलेलं नाही, कारण भरतात सीए. तू माहिती तयार करतेस. फरक बारीक वाटेल, पण मुलाखत घेणारा अकाउंट्सचा माणूस पहिला प्रश्न तिथेच विचारतो. लॉगिन कुणाचं, चलन कोण काढतं, ३बी मधला आकडा आणि वहीतला आकडा जुळला नाही तर काय करता? जे केलं त्याच्या एक पाऊल पुढचं लिहिलं असेल तर त्या पावलावर तू अडखळशील आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडेल. ‘अकाउंट्स मॅनेजर’ असं पदही लावून घेऊ नकोस. पदाच्या जागी ‘हिशेब, कौटुंबिक व्यवसाय’ एवढं पुरे. मोठ्या पदाने कुणी भुलत नाही, आणि तुझ्या कामाला त्या आधाराची गरजही नाही.

दुसरी मर्यादा दादाच्या बाजूने आहे. व्यापाऱ्यांची नावं, वर्षाची उलाढाल, सुताचा भाव, यातलं काहीही कागदावर येता कामा नये. हा कागद कुणाकुणाच्या हातात जाईल ते आपल्याला माहीत नसतं, आणि सोलापूरचा टॉवेलचा बाजार किती लहान आहे ते तू जाणतेस. म्हणून थकबाकी टक्क्यांत आणि दिवसांत लिहायला सांगितली, रुपयांत नाही. जो घरचे आकडे बाहेर मांडतो तो उद्या आमचेही मांडेल, असं मालक मनात धरतात आणि त्यांचं चुकतही नाही.

खरं काम नेमकं लिहिलं की काय होतं, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीसाठी डिप्लोमावाला मुलगा हवा होता. अर्जांचा ढीग होता आणि बहुतेकांवर तेच सेव्हन क्यूसी टूल्स, फाइव्ह एस, कायझेन. सगळ्यांचे शब्द एकाच पुस्तकातले होते. एका मुलाचे टक्के बेताचे होते, कॉलेज आडगावचं होतं. त्याने लिहिलं होतं की अॅप्रेंटिसशिपमध्ये तो बोअर गेजने व्यास मोजायचा, आणि कुठला पार्ट कुठल्या शिफ्टमध्ये, कुठल्या मशीनवर, कशामुळे रिजेक्ट झाला याची स्वतःच्या समजुतीसाठी त्याने वही ठेवली होती. त्या वहीवरून एकाच फिक्स्चरवर रिजेक्शन जास्त येतंय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते सुपरवायझरला दाखवलं. एवढीच तीन वाक्यं. इंग्रजीही मोडकं होतं. क्वालिटी हेडने ती वाचली आणि मला म्हणाला, याला येताना ती वही आणायला सांगा. मुलगा वही घेऊन आला. तेलाचे डाग पडलेली, रेघा आखलेली वही. दोघं तिच्यावर वाकून तासभर बोलत होते, बाकीचे प्रश्न विचारायची वेळच आली नाही. तुझ्याकडे अशी वही आहे, मनू. कारखान्यातल्या टेबलाच्या खणातली येण्यांची ती लांब वही. मुलाखतीला तिच्यातलं एकही नाव दाखवायचं नाही, पण ती ठेवण्याची पद्धत तुला दहा मिनिटं सांगता आली पाहिजे.

आता कागद वाचला कसा जातो ते. अमेरिकेतल्या लॅडर्स नावाच्या नोकरीच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये नजरेचा माग घेणारं यंत्र लावून पाहिलं, तर माणसं निवडणारे पहिल्या फेरीत एका रेझ्युमेवर सरासरी ७.४ सेकंद थांबतात असं दिसलं. हा आकडा मुलांना घाबरवायला वापरतात, तू घाबरू नकोस. पहिली फेरी नुसती बाजूला काढण्याची असते, तेव्हा मीही भरभर बघते. सध्या कुठे आहे, काय करतो, किती दिवस, टॅली-जीएसटी आहे का. बाजूला काढलेले मग दुपारी चहा घेऊन सावकाश वाचते. पहिल्या फेरीत नजर पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागावर असते आणि तिथे तू फोटो आणि उद्दिष्ट ठेवलं आहेस. ते दोन्ही काढ. नाव, फोन, ईमेल, त्याखाली लगेच कारखान्यातलं काम. शिक्षण त्यानंतर.

नावाच्या ओळीत ‘सोलापूर; पुण्यात राहण्याची सोय आहे, लगेच रुजू होऊ शकते’ एवढं जरूर घाल. हे बारीकसं वाटतं, पण बाहेरगावचा अर्ज दिसला की आमच्यासारखे लोक पटकन पुढे सरकतात, कारण मागे बऱ्याच वेळा असं झालेलं असतं की मुलगी निवडली, ऑफर दिली आणि मग घरचे म्हणाले राहणार कुठे. माझी मागची खोली तुझ्यासाठी रिकामीच आहे. तेव्हा त्या वाक्यात खोटं काही नाही.

निळी पट्टी आणि चांदण्यांबद्दल. नोकरीच्या पोर्टलवर आणि बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी एका प्रणालीत जातो. ती मजकूर उचलून रकान्यांत बसवते आणि मग आम्ही त्यात टॅली, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन असे शब्द टाकून शोधतो. दोन स्तंभांचं पान असलं की कधी कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते, चित्रातलं अक्षर तर वाचलंच जात नाही. तुझी पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट कर, कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल, साधारण तेच आमच्या पडद्यावर येतं. मी तुझ्या फाइलवर करून पाहिलं. तुझा फोन नंबर दहावीच्या टक्क्यांच्या मधोमध जाऊन बसला होता. एकच स्तंभ, साधा फाँट, एक पान. आणि चार चांदण्यांची टॅली म्हणजे किती टॅली, हे तुलाही सांगता येणार नाही. टॅलीत काय करतेस ते वर लिहिलं की चांदण्या लागत नाहीत.

मशीन आपला अर्ज परस्पर फेकून देतं अशी एक भीती मुलांमध्ये पसरली आहे आणि तिच्यावर पैसे कमावणारेही निघाले आहेत. माझ्या पाहण्यात बरेचसे अर्ज अडकतात ते अर्जाबरोबरच्या साध्या प्रश्नांवर: किती वर्षं अनुभव, कुठे राहता, कधी येऊ शकता. ते प्रश्न नीट वाचून उत्तर दे. पांढऱ्या अक्षरात लपवून शब्द भरायचे वगैरे प्रकार अजिबात करू नकोस, पेस्ट केलं की ते दिसतात. चॅटजीपीटीकडून इंग्रजी तपासून घ्यायला माझी हरकत नाही, तुझ्या वाक्यातलं व्याकरण ते छान नीट करतं. पण त्याला ‘माझा रेझ्युमे लिही’ म्हणू नकोस. हल्ली माझ्यापुढे येणाऱ्या दहापैकी सहा-सात कागदांत तीच गुळगुळीत वाक्यं असतात आणि ती कुणाची आहेत हे ओळखता येत नाही. तुझा मराठी खर्डा दे आणि सांग, यात भर न घालता साध्या इंग्रजीत कर.

आता ज्या भागाबद्दल मला मनापासून राग आहे त्याकडे येते. वडिलांचं नाव, धर्म, विवाहित-अविवाहित, जन्मतारीख, घर नंबरासकट पत्ता. लग्नाच्या बायोडेटात या गोष्टी चालतात, नोकरीच्या कागदावर त्यांना जागा नाही. तू विचारशील, लिहिलं तर काय बिघडलं? अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी पॉल अॅटेवेल यांनी एक अभ्यास केला, तो २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या पाचशेहून जास्त जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखंच, फक्त नावं वेगळी. काही नावांवरून उच्चवर्णीय हिंदू कळायचं, काहींवरून दलित, काहींवरून मुसलमान. कुठल्याही अर्जात जात किंवा धर्म लिहिलेला नव्हता. तरी उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. नुसत्या नावावर एवढं. मी निवडीच्या टेबलाच्या या बाजूला बसते, आणि त्या टेबलावर काय काय बोललं जातं ते मी ऐकलं आहे. अविवाहित असेल तर लग्न झाल्यावर सोडून जाईल, विवाहित असेल तर मूल होईल, मूल असेल तर रजा मागेल. आडनाव काढता येत नाही आणि काढूही नये, ते आपलं आहे. पण बाकीचं दान आपण होऊन का करायचं? कामाशी ज्याचा संबंध नाही ते मागितल्याशिवाय द्यायचं नाही. सरकारी भरतीची गोष्ट वेगळी, तिथे अर्जाचा नमुना ठरलेला असतो, जातीच्या दाखल्याला तिथे घटनेने दिलेला अर्थ आहे, तिथे सगळं अचूक भर.

पूर्ण पत्ता काढायला सांगते त्याला दुसरंही कारण आहे. पोर्टलवरचा कागद कोण उतरवून घेईल सांगता येत नाही. तुला फोन येतील, तुमची निवड झाली, नोंदणीचे दोन हजार भरा, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा. नोकरी देणारी कंपनी पैसे मागत नाही. असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि आईला सांगायचं, मनात ठेवायचं नाही.

टक्क्यांबद्दल तू मेसेजमध्ये विचारलं होतंस. दुसऱ्या वर्षाला एटीकेटी लागली ते लिहायचं का? नाही. पास झाल्याचं वर्ष आणि अंतिम टक्के लिही, आहेत तसे. विचारलं तर सरळ सांग की त्याच वर्षी दादाचं ऑपरेशन झालं आणि कारखाना तुझ्यावर आला. त्याच्यापेक्षा चांगलं कारण मी तरी ऐकलेलं नाही. मराठी माध्यम लपवू नकोस. आणि भाषांत तू मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीनच लिहिल्यास! मागावरच्या पद्मशाली बायकांशी आणि पुरुषांशी तू घडाघडा तेलुगूत बोलतेस, अक्कलकोटकडचा कुणी आला की कानडीत. सोलापुरात हे इतकं सहज असतं की ते कौशल्य आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. पुण्यात हैदराबाद आणि बंगळुरूच्या ग्राहकांकडून वसुली करणाऱ्या कंपनीला हे कळलं तर ती तुझा कागद खाली ठेवणार नाही. ‘तेलुगू आणि कन्नड, बोलता येतं’ असं लिही, लिहिता-वाचता येत नाही तर तेवढंच लिही. वाचन आणि संगीत काढून टाक. संक्रांतीला गड्डा यात्रेत आपला स्टॉल लागतो, तिथे रोजची विक्री आणि शिल्लक माल तू जुळवतेस, ती एक ओळ त्या जागी येऊ दे.

एकच कागद सगळीकडे पाठवायचा नाही. सदाशिव पेठेतल्या सीएच्या ऑफिसला २बी आणि विवरणपत्रांची ओळ सगळ्यात वर हवी, चाकणच्या कारखान्याला कामगारांचा पगार आणि सूतखरेदीची, कपड्याच्या घाऊक व्यापाऱ्याला येण्यांची. ओळी त्याच, क्रम वेगळा. जाहिरात शांतपणे दोनदा वाच. फाइलला स्वतःचं नाव दे. मेल कोरा पाठवू नकोस, चार ओळी लिही, कुठली जागा, तू सध्या काय करतेस, कधी येऊ शकतेस.

पोर्टल सध्याचा पगार विचारेल. तिथे शून्य टाकावं लागलं तर टाक, पण जिथे मजकूर लिहिता येतो तिथे ‘कौटुंबिक व्यवसाय, पगार घेत नाही’ असं लिही. मुलाखतीत कुणी त्या शून्यावरून पगार ठरवायला लागला, तर पुण्यात तीन वर्षं टॅली-जीएसटी केलेल्याला जो देता तो मला द्या, असं तू म्हणायचंस. त्याचा आकडा मी तुला आधी चौकशी करून सांगेन.

एक अडचण खरी आहे आणि तिचा विचार आत्ताच करू. कंपन्या हल्ली मागच्या नोकरीची पडताळणी करतात, बऱ्याचदा पीएफच्या यूएएन नंबरावरून. तुझा यूएएन नाही, पगाराची स्लिप नाही, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद नाही. तेव्हा पुरावा दुसरीकडून लागेल. दादाचं लेटरहेडवरचं पत्र लागेलच, पण वडिलांनी मुलीला दिलेल्या पत्राचं वजन कमी पडतं. सीएंना विचार. गेली तीन वर्षं महिन्याला दोनदा ते तुझ्याशीच बोलतात, तुझी माहिती तेच तपासतात. ‘हिशेबाची माहिती या तयार करतात’ एवढं एका ओळीचं पत्र ते नक्की देतील, आणि संदर्भ म्हणून त्यांचा नंबर द्यायची परवानगीही मागून घे. न विचारता द्यायचा नाही.

दादाशी मी बोलते. तू जाणार म्हणून त्याला बरं वाटणार नाही, आणि तू जे करत होतीस ते कागदावर लिहून पाहिलं की तुझ्या जागी माणूस ठेवायला किती लागेल तेही त्याला दिसेल. दिसू दे. रविवारी दुपारी साडेतीनला कारखान्याच्या कॉम्प्युटरवर टॅली उघडून बस, त्या वेळी माग बंद असतात, बोलता येईल. मी एकेक रिकामी जागा विचारत जाईन, तू मोजून सांग. सोमवारी सीएंकडे जाताना दादाचं उद्यम प्रमाणपत्र आणि त्या मार्चच्या पत्रांच्या प्रती बरोबर ने.

तुझी,
आत्या